वाऱ्याचा हिशोब

माझ्या जुन्या शेव्हेलचं बोनेट उघडं असलं की बघणाऱ्याची नजर आधी दोन टर्बोंवर जाते, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यांवर, आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती हॉर्सपॉवर? मी सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मला मनापासून वाटत असतं की कोणीतरी जरा वाकून इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळांच्या, दोन्ही बाजूंना बसलेल्या, पेट्रोल फवारणाऱ्या आठ इंजेक्टरांकडे बघावं, मागच्या टाकीपासून पुढे आलेल्या दोन पाइपांबद्दल विचारावं, नाहीतर डॅशबोर्डखालच्या त्या छोट्या डब्याबद्दल तरी, ज्याच्यावर माझे कितीतरी महिने गेलेत. टर्बो बसवणं कष्टाचं आहे, खर्चाचं आहे, सगळं मान्य, पण त्यांनी आत कोंबलेल्या हवेच्या मापाचं पेट्रोल त्याच क्षणी आठही सिलिंडरना सारखं पोचवणं हे खरं काम. ते जमलं नाही तर टर्बो एक असो की दोन, शेवटी पिस्टन वितळतो.

गाडी १९६९ ची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू. दोन दारांची, पुढे ३५० क्यूबिक इंचाचं म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याच्यावर हवेत पेट्रोल मिसळणारा रॉचेस्टरचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर आणि त्या काळच्या मोजणीने ३०० हॉर्सपॉवर. त्या काळच्या मोजणीने हे मुद्दाम म्हणतेय, कारण तेव्हा अमेरिकन कंपन्या इंजिन स्टँडवर बांधून, एअर क्लीनर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, अशा मोकळ्या अवस्थेत मोजायच्या आणि तोच आकडा ब्रोशरवर छापायच्या. १९७२ च्या मॉडेलपासून इंजिन गाडीत जसं बसतं तसं, सगळ्या लटांबरासकट मोजायला लागले आणि सगळ्यांचे आकडे धाडकन खाली आले. प्रदूषणाचे नियम आले होते, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ मधे जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पटीने दाबतो ते, उतरवलं होतं, हे सगळं खरंच आहे, पण त्या घसरणीतला मोठा भाग नुसता मोजण्याच्या पद्धतीचा होता. आजच्या हिशोबाने माझ्या गाडीचे ते ३०० हॉर्सपॉवर बरेच कमी भरतील. तरी ती गाडी चालवताना कमी वाटत नाही हे मात्र सांगायला हवं, कारण खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना, तिच्यात जो जोर आहे तो आकड्यात दिसत नाही.

आता अशी गाडी बदलायची, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन आणि टर्बो लावायचे म्हटलं की लोक दुखावतात. माझा एक मित्र आहे, जुन्या गाड्यांवर माझ्याइतकंच प्रेम करणारा, तो मला म्हणाला, "अगं, अशा गाड्या आता नव्याने बनणार नाहीयेत, तू त्यातली एक कमी करतेयस." मी त्याच्यावर बराच विचार केला, कारण तो उगाच बोलणारा माणूस नाही. आणि विचार करताना मला पुन्हा पुन्हा १९६४ ची पाँटियाक जीटीओ आठवत राहिली, जिला बहुतेक लोक पहिली मसल कार, म्हणजे मध्यम आकाराची पण मोठ्या इंजिनाची गाडी, मानतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचापेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही. पाँटियाकच्या जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या इंजिनिअरांना दिसलं की त्यांचं ३२६ चं इंजिन आणि मोठ्या गाड्यांतलं ३८९ चं इंजिन बाहेरून एकाच मापाचं आहे, म्हणजे जिथे एक बसतं तिथे दुसरंही बसणार. मग जीटीओला वेगळं मॉडेल म्हणायचंच नाही, टेम्पेस्ट लमान्स गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा एक ऑप्शन म्हणायचं, अशी वाट काढली. सुरुवातीला ५,००० गाड्यांची परवानगी मिळाली, आणि पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. म्हणजे ज्या गाडीपासून हा सगळा प्रकार सुरू झाला ती गाडीच मुळात एका साध्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन घालून तयार झालेली. या गाड्यांचा स्वभावच तो आहे. सरळ शर्यतीच्या ड्रॅग स्ट्रिपवर, डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत, पोरं त्या गाड्या विकत घेतल्याच्या पहिल्या महिन्यात कार्ब बदलायची, हेडर म्हणजे मोकळे एक्झॉस्ट पाइप लावायची, मागच्या ॲक्सलचा गिअर बदलायची. मूळ अवस्था जपणं हे बरंच नंतर आलं, गाड्या दुर्मिळ आणि महाग झाल्यावर.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, जी फार कमी लोक बोलतात. फ्यूएल इंजेक्शन, म्हणजे कार्बऐवजी पेट्रोल दाबाने फवारणं, आणि टर्बो हे दोन्ही डेट्रॉइटने मसल कारच्या आधीच करून बघितलेले होते.

१९५७ ची कॉर्व्हेट घ्या. रॉचेस्टरचं मेकॅनिकल इंजेक्शन, नाव रॅमजेट, २८३ क्यूबिक इंचाच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर, एका इंचाला एक, ही त्या काळात मोठीच अभिमानाची गोष्ट होती. ते इंजेक्शन कॉर्व्हेटवर १९६५ पर्यंत मिळत होतं, शेवटी ३२७ च्या इंजिनावर ३७५ हॉर्सपॉवरपर्यंत गेलं. यंत्र उत्तम होतं. पण ते लावून द्यायला येणारे मेकॅनिक फार थोडे, आणि कितीतरी मालकांनी वैतागून ते काढून कार्ब बसवला. १९५८ मधे क्रायस्लरने तर त्याच्याही पुढे जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं, बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रोजेक्टर. ३५ च्या आसपास गाड्यांना बसलं, धड चाललं नाही, बहुतेकांना परत बोलावून कार्ब लावून दिले. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक पार्ट बोनेटखालची उष्णता आणि ओल सहन करण्याइतके पक्के नव्हते, दुसरं काही नाही. कल्पना बरोबर होती, इतकी बरोबर की पुढे ते पेटंट बॉशकडे गेले आणि १९६७ मधे फोक्सवॅगनवर डी-जेट्रॉनिक नावाने तीच दिशा यशस्वी झाली.

टर्बोचं म्हणाल तर १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर. छोटं २१५ क्यूबिक इंचाचं ॲल्युमिनियम व्ही-८, त्याला गॅरेटचा टर्बो, आणि इथेही इंचाला एक, २१५ हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन ठेवलं होतं १०.२५ ला १, जे टर्बोसाठी फारच जास्त आहे. मग नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं, होऊ नये म्हणून मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण आत फवारायचं, त्याला नाव दिलं टर्बो रॉकेट फ्लुइड, आणि त्याची बाटली मालकाने भरत राहायची. लोक विसरायचे. बाटली रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, आपोआप अडवलं जायचं आणि मालकाला वाटायचं गाडीत दम नाही. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब लावून द्यायला सुरुवात केली. मला त्या इंजिनिअरांबद्दल फार आदर वाटतो. त्यांच्याकडे हवा कोंबणारं यंत्र होतं, पण आत काय चाललंय हे दर क्षणाला मोजून त्याप्रमाणे पेट्रोल आणि स्पार्क बदलेल असं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी एक बाटली दिली. आणि योगायोग असा की माझ्या शेव्हेलच्या मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशनही बरोबर १०.२५ ला १ आहे.

हाच मुद्दा ब्यूइकच्या ३.८ लिटर व्ही-६ वर अगदी सरळ वाचता येतो. १९७८ मधे टर्बो आणि चार तोंडी कार्ब, १६५ हॉर्सपॉवर. १९८४ मधे टर्बो तसाच पण सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीला पेट्रोल देणारं, इंजेक्शन आलं, २००. १९८६ मधे दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर जोडला, २३५. आणि १९८७ ची जीएनएक्स, फक्त ५४७ बनल्या, कागदावर २७६. इंजिनाचा आकार कुठे बदललाय? हवेचा हिशोब नीट ठेवायला लागले तसे आकडे चढत गेले.

कार्ब्युरेटरबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट क्वाड्राजेट मी जितक्या वेळा उघडला तितक्या वेळा थक्क झालेय. हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिचा वेग वाढतो म्हणून दाब कमी होतो, आणि त्या कमी झालेल्या दाबाने बाजूच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून ओढलं जातं, बस्स, ना वीज ना सेन्सर. पुढची दोन तोंडं छोटी, मागची दोन अवाढव्य. गावात फिरताना छोट्यांवर काम भागतं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मागची उघडतात आणि एअर क्लीनरमधून असा घोगरा हुंकार येतो की अंगावर काटा येतो. पण कार्बला हवेचं वजन कळत नाही. थंड हवा जड असते, गरम हलकी, समुद्रकाठची दाट, आणि डेन्व्हरला, म्हणजे सुमारे १६०० मीटरवर, चांगलीच विरळ. खाली नीट लावलेला कार्ब तिथे जाऊन जास्त पेट्रोल ओततो आणि जेट बदलावे लागतात.

बूस्टमधे तर त्याची फारच पंचाईत. कार्ब टर्बोच्या आधी लावला तर पेट्रोल मिसळलेली ओली हवा टर्बोतून जाते, आणि मधे इंटरकूलर घालायची सोय राहत नाही, कारण त्याच्या पोटात पेटणारं मिश्रण साठणार. टर्बोच्या नंतर लावला तर कार्बच्या वाटीवरही तेवढाच दाब द्यावा लागतो, पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर वाढवावा लागतो, नाहीतर पेट्रोल बाहेर यायचंच बंद होतं. हे करून उत्तम गाड्या चालवणारे लोक आहेत, त्यांचा हात कसलेला आहे. मला मात्र अशी गाडी हवी होती जी नोव्हेंबरच्या सकाळी एका किल्लीत सुरू होईल, ट्रॅफिकमधे शांत उभी राहील आणि दाबली की सुटेल.

म्हणून काम टाकीपासून सुरू केलं. आमच्याकडे मिशिगनला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, जुनी गाडी बाहेर काढणं म्हणजे तिला गंज लावणं, त्यामुळे हिवाळा हा कामाचाच काळ. कार्बला ५-६ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पाउंड, दाबाने पेट्रोल मिळालं तरी पुरतं, इंजिनावरचा छोटा मेकॅनिकल पंप तेवढं देतो. इंजेक्टरना ४३ पीएसआय लागतं. शिवाय ते बूस्टप्रमाणे वाढलं पाहिजे, इनटेकमधे ७ पीएसआय बूस्ट असेल तर पेट्रोल ५० वर, म्हणजे इंजेक्टरच्या आत-बाहेरचा फरक कायम ४३ च राहतो. रेग्युलेटरला इनटेकमधून एक बारीक नळी जोडली की तो हे आपोआप करतो. मूळ टाकीत आतून पडदे नव्हते. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं आणि पंपाने हवेचा घोट घेतला तरी कार्बची वाटी तेवढा वेळ निभावून नेते. इंजेक्शनला ती वाटीच नाही. बूस्टमधे अर्धा सेकंद पेट्रोल कमी पडलं तर तिथेच पिस्टन जातो. त्यामुळे बाहेरून मूळ आकाराचीच पण आतून पडदे असलेली, आतच पंप बसणारी नवी टाकी, जाणारी एक लाइन, परत येणारी एक लाइन, आणि सगळे जुने रबरी होज फेकून दिले कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. हे सगळं करून झालं तरी गाडी बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मला ते काम फार आवडलं.

इंजेक्टरचं माप काढायला एक साधं गणित आहे. बूस्टवर चालणारं पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.६ पाउंड पेट्रोल पितं. ६०० हॉर्सपॉवर धरले तर ३६० पाउंड, आठाने भागले की ४५, आणि इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नाही, ८० टक्क्यांवर थांबायचं, म्हणून ५६. मी ६० चे घेतले. आता वेळ बघा किती मिळतो. ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र, दोन फेरे, २० मिलिसेकंदात संपतं. त्यातले फार तर १६ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा, आणि तोच इंजेक्टर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, दोनेक मिलिसेकंद उघडून तितक्याच अचूकपणे बंद झाला पाहिजे. त्याच वेळात इंजिन मिनिटाला जवळपास १७,००० लिटर हवा ओढत असतं, तीही बूस्टशिवाय.

या सगळ्याचा हिशोब तो डॅशबोर्डखालचा डबा, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठेवतो. त्याच्यात एक तक्ता असतो, १६ ओळी आणि १६ रकाने, एका बाजूला आरपीएम आणि दुसऱ्या बाजूला इनटेकमधला दाब, म्हणजे २५६ घरं, आणि प्रत्येक घरात एक आकडा की या वेगाला या दाबाला सिलिंडर किती टक्के भरतो. तापमान वेगळं मोजलं जातं, त्यावरून हवेचं वजन, त्यावरून पेट्रोल. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर सांगतो की जळून काय बाहेर आलं. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला हवा १४.७ भाग लागते, वजनाने. समुद्रसपाटीला हवेचा दाबही १४.७ पीएसआय, या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण काम करताना दोन्ही डोक्यात इतके घुमत असतात की झोपेतही दिसायला लागतात. सावकाश जाताना १४.७ वर ठेवायचं, बूस्टशिवाय जोर हवा असेल तर साडेबाराच्या आसपास, आणि बूस्टमधे साडेअकराकडे, कारण ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधली उष्णता ओढून घेतं.

हा तक्ता भरणं म्हणजे तंबोरा लावण्यासारखं आहे, एक तार जुळवली की बाकीच्या पुन्हा ऐकाव्या लागतात. आयडलची चार घरं नीट बसवावीत तर गिअर टाकल्यावर आरपीएम पडतो आणि गाडी शेजारच्या घरात जाते जिथला आकडा अजून कच्चा आहे, मग इंजिन एकदा दचकतं. थ्रॉटल हलका सोडला की एक्झॉस्टमधे फट्‌ आवाज येतो, तो कुठल्या घरातून आला ते रेकॉर्डिंग बघून शोधायचं. लोक बूस्टच्या कोपऱ्यावर जीव टाकतात, जिथे मोठे आकडे आहेत, आणि तो कोपरा सांभाळूनच करावा लागतो, शंकाच नाही. पण गाडीचं आयुष्य जातं ते मधल्या ४०-५० घरांत, दुकानात जाताना, शेजाऱ्याला हात करताना, चढावर तिसऱ्या गिअरमधे. तिथे ती सरळ, नम्र चालली पाहिजे. मला तरी चांगलं ट्यूनिंग तिथेच कळतं.

स्पार्कचंही तसंच. जुन्या डिस्ट्रिब्यूटरमधे फिरणारी वजनं आणि स्प्रिंग असतात, वेग वाढला की वजनं बाहेर जातात आणि स्पार्क लवकर पडतो. त्याला बूस्ट म्हणजे काय हे माहीत असायचं कारणच नाही. बूस्टमधे उलट स्पार्क मागे घ्यावा लागतो, ढोबळ मानाने दर एका पीएसआयला एक अंश. त्यासाठी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीमागे ३६ दात्यांपैकी एक दाता नसलेलं चाक बसवलं, त्या रिकाम्या जागेवरून डब्याला कळतं क्रँक नेमका कुठे आहे.

आणि मूळ इंजिनाला मी हात लावला नाही. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला उजव्या हेडजवळ त्याचा नंबर कोरलेला आहे, गाडीच्या नंबराशी जुळणारा, तो या गाडीचा जन्मदाखला आहे. ते इंजिन कार्बसकट, डिस्ट्रिब्यूटरसकट, सिलिंडरमधे तेल सोडून स्टँडवर झाकून ठेवलंय. टर्बोसाठी दुसरा ३५० चा ब्लॉक घेतला, फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले पिस्टन, कॉम्प्रेशन ९ च्या खाली. मशीन शॉपमधले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांचं अख्खं आयुष्य व्ही-८ बोअर करण्यात गेलं, त्यांनी मला पिस्टन रिंगची फट समजावून सांगितली, आणि तेवढं ऐकायला मी पुन्हा कितीही लांब जाईन. रिंगच्या दोन टोकांमधे जी फट असते ती साध्या इंजिनात बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाच्या, दर इंचाला ०.००४ इंच चालते, चार इंच बोअरला ०.०१६. बूस्टमधे रिंग जास्त तापते, जास्त वाढते, टोकं एकमेकांना भिडली की रिंग पिस्टनची कडाच उखडते. म्हणून इंचाला ०.००६, म्हणजे ०.०२४. केसाएवढ्या फरकावर सगळं इंजिन उभं असतं.

आता टर्बो. दोन का? कारण व्ही-८ ला दोन बाजू, प्रत्येक बाजूचा एक्झॉस्ट वेगळा, तर प्रत्येकीला आपला छोटा टर्बो दिला की पाइप लहान राहतात आणि छोटं चाक लवकर वेग घेतं. खरं सांगायचं तर आजचा एक चांगला मोठा टर्बो तितकंच काम करतो आणि त्याला पाइप कमी लागतात. तरी मी दोन घेतले, कारण शेव्हेलच्या बोनेटखाली जागा आहे तीही दोन्ही बाजूंना वाटलेली आहे, आणि मला ती समानता डोळ्यांना हवी होती. अडचण होती डाव्या बाजूची. तिथे स्टेअरिंग बॉक्स, स्टेअरिंगचा दांडा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, आणि त्यांच्या शेजारी हजाराच्या जवळ अंश तापणारं टर्बाइन. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड उलटे फिरवून तोंडं पुढे आणली, टर्बो रेडिएटरच्या मागे दोन बाजूंना आले, मधे पत्र्याचे उष्णता अडवणारे पडदे, बॅटरी डिकीत गेली. या सगळ्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो तेलाच्या परतीच्या पाइपाने. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल आत दाबाने येतं पण बाहेर फक्त आपल्या वजनाने उतरतं, फेसाळलेलं. परतीचा पाइप जाड हवा, उताराचा हवा, कुठेही पोट काढलेला नको, आणि संपमधे, इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीच्या वर शिरायला हवा. टर्बो दोन इंच खाली बसला असता तर हे जमलं नसतं, म्हणून आधी तेलाचा उतार ठरवला आणि मग टर्बोची जागा.

बूस्ट ७ पीएसआय ठेवलंय. कागदावर जवळपास दीडपट हवा. पण हवा दाबली की तापते, २५ अंशाची हवा टर्बोतून बाहेर पडेपर्यंत ७५ च्या आसपास जाते, आणि तापलेली हवा हलकी आणि नॉकिंगला आमंत्रण देणारी, म्हणून पुढे ग्रिलमागे इंटरकूलर. ब्रेक पुढे डिस्क केले, ही गाडी चारही ड्रमवर आली होती आणि तशी ती या वेगाला चालवणं बेजबाबदारपणाचं आहे. गिअरबॉक्स पक्का करून घेतला.

काय गमावलं ते पण सांगते. आवाज. शेव्हर्लेच्या व्ही-८ चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, काही इनटेकवर तो ओतीव अक्षरांत लिहिलेलाच असतो. विषम आकडे डाव्या बाजूला, सम उजव्या. आता फक्त डाव्या बाजूचे स्फोट मोजले तर त्यांच्यातलं अंतर येतं २७०, १८०, ९० आणि १८० अंश. एक लांब थांबा, मग मध्यम, मग लगेच, मग पुन्हा मध्यम. उजव्या बाजूचंही असंच लंगडं. अमेरिकन व्ही-८ ची ती गडगड, ज्याच्यावर लोक जीव टाकतात, ती या असमानतेतून येते. टर्बाइन त्या धक्क्यांमधूनच आपली शक्ती घेतो, त्यामुळे धक्के बोथट होऊन बाहेर पडतात. गाडी आता शांत, खोल घुमते आणि दाबली की वरून शिट्टी येते. वेगळं आहे, मला आवडतंही, पण क्वाड्राजेटचा तो हुंकार मला आठवतो, आणि ज्याला तो जपायचाय त्याने टर्बोच्या वाटेला जाऊ नये असंच मी सांगेन.

मित्राने परवा गाडी चालवली. बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "परत फिरवायची ठरवली तर?" मी त्याला सगळं दाखवलं. बॉडीच्या पत्र्याला नवीन भोक पाडलं नाही, वायरिंग जुन्याच रबरी ग्रोमेटमधून नेलं, मूळ टाकी, मूळ लाइन, ब्रॅकेट, बोल्टसुद्धा खोक्यांत नावं लिहून ठेवलेत. पुढच्या मालकाला हवं असेल तर थोड्या कष्टात ती १९६९ मधे परत जाईल. त्याला हे पटलं. टर्बो पटले असं तो अजून म्हणत नाही आणि मी आग्रहही करत नाही. जी गाडी मुळात दुर्मिळ आहे, एलएस-६ इंजिनाची १९७० ची शेव्हेल वगैरे, ४५० हॉर्सपॉवरची, तिला मीही हात लावणार नाही, कोणी लावत असेल तर थांबवीन. साध्या मालिबूची गोष्ट वेगळी, त्या भरपूर बनल्या होत्या.

लोक विचारतात बूस्ट वाढवणार का. इंजिन झेपवेल, मागचा ॲक्सल कितपत झेपवेल याची मला शंका आहे, त्यामुळे तो बदलेपर्यंत नाही. त्याच्या आधीचं एक काम उरलंय. पेट्रोलच्या तक्त्याशेजारी आणखी एक छोटा तक्ता असतो, थंड इंजिनाला सुरू होताना किती टक्के जास्त पेट्रोल द्यायचं त्याचा, पाण्याच्या तापमानाप्रमाणे. २० अंशाचा आकडा पक्का आहे, १० चा पक्का आहे, शून्याचा बराचसा. त्याच्या खालचे रकाने अंदाजाने भरलेत, कारण ते भरायला तेवढी थंडी लागते, आणि इंजिन रात्रभर गार पडलेलं लागतं, म्हणजे एका सकाळी एकच संधी. डिसेंबर लागला की गॅरेजचं दार उघडून, लॅपटॉप सीटवर ठेवून, उणे पाच, उणे दहा, जसे मिळतील तसे ते आकडे बसवायचेत.